सगळं वाच! (अर्थात रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर आणि एक तडकलेली काच)

मित्रांनो, मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागायला संपादक मंडळाची मुलं लॅबमध्ये आली, तेव्हा मी हात वर केले. म्हटलं, "कविता मला येत नाहीत आणि प्रवासवर्णन लिहावं एवढा प्रवास मी केलेला नाही." त्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, मग तुम्ही प्रॅक्टिकलला रोज जे बोलता तेच लिहा ना." रोज बोलतो ते रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टरबद्दल. तेव्हा त्याच्यावरच चार शब्द. कंटाळा आला तर पुढच्या पानांवर कविता आहेतच!

या तिघांना आपण पॅसिव्ह कंपोनंट म्हणतो. फर्स्ट इयरला त्यावर चार मार्कांचा प्रश्न येतो. आपण व्याख्या पाठ करतो, आकृत्या काढतो आणि विसरून जातो. पुढे सगळा मान मायक्रोकंट्रोलरला. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आयसीच्या डेटाशीटची दहा पानं जोडलेली असतात आणि रेझिस्टर-कपॅसिटरच्या वाट्याला पार्ट लिस्टमधली एकेक ओळ. मीही तसाच होतो. या तिघांकडे नीट बघायला मला शिकवलं ते एका पंख्याने.

तो पंखा

२००४ सालचा मे महिना. मी विदर्भातल्या एका कॉलेजात ईएनटीसीच्या सेकंड इयरला होतो. पीएल चालू होती. विदर्भातला मे ज्याने हॉस्टेलवर काढलाय त्याला जास्त सांगायला नको. रात्री चादर ओली करून अंगावर घ्यायची आणि ती वाळायच्या आत झोप लागावी अशी प्रार्थना करायची. त्यात आमचा पंखा महिनाभरापासून आजारी. रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी पाती मोजता येत होती. सुरू करताना झाडूच्या दांड्याने ढकलावा लागे. तक्रार वहीत लिहून पंधरा दिवस झाले होते, पण वायरमन काही उगवला नव्हता.

मग मी ठरवलं, आपण ईएनटीसीचे ना, आपणच करू! पंख्याचा कपॅसिटर गेलाय हे माझं निदान बरोबर होतं. मेन स्विच बंद करून जुना काढला. त्यावर लिहिलं होतं २.५ मायक्रोफॅरड. माझ्या प्रॅक्टिकलच्या डब्यात २.२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर पडून होता, शेंगदाण्याएवढा. म्हटलं, अडीच काय आणि दोन पॉइंट दोन काय, उन्नीस-बीसचा फरक!

माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. विजेच्या बाबतीत त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास. तो टेबलावर चढला, दांडीवरची वाटी खाली सरकवली, मी सांगितलं तशा दोन वायरी पिळल्या आणि टेप गुंडाळली. तो खाली उतरायच्या आधीच मी बटणाशी पोचलो होतो.

"लावू का रे?"

"लाव."

एक-दोन सेकंद नुसती हूं अशी घरघर. मग लवंगी फटाक्यासारखा फट्ट आवाज! कपॅसिटरची ॲल्युमिनियमची डबी सुटली ती थेट त्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर. काच तडकली. खोलीभर जळका, आंबूस वास आणि हवेत कागदाचे बारीक तुकडे. तो टेबलावरच डोळ्यावर हात दाबून खाली बसला. मी बटण बंद केलं आणि तिथेच थिजलो. त्याने हात काढेपर्यंतचा जो काळ गेला तो मला अजून मोजता आलेला नाही.

डोळा लाल झाला होता, पण शाबूत होता. डॉक्टरांनी रात्री बघितलं, डोळा धुतला, थेंब दिले आणि एकच वाक्य बोलले, "चष्म्याने वाचवलं."

दुसऱ्या दिवशी फुटकी डबी आणि पंख्याचा जुना कपॅसिटर खिशात घालून मी आमच्या लॅबच्या सरांकडे गेलो. वाटलं होतं, आता खैर नाही. सर रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी डबी माझ्या पुढे धरली.

"यावर काय लिहिलंय, वाच."

"दोन पॉइंट दोन मायक्रोफॅरड, सर."

"पुढे?"

"त्रेसष्ट व्होल्ट."

"पुढे?"

"मायनसची पट्टी आहे, सर."

"आता तो जुना वाच."

"दोन पॉइंट पाच मायक्रोफॅरड... चारशे चाळीस व्होल्ट... एसी."

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुला वाचता येतं की. मग काल सगळं का नाही वाचलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज मी या कॉलेजात लॅब सांभाळतो, आणि दरवर्षी नव्या बॅचला तेच सांगतो : सगळं वाचा. प्रत्येक कंपोनंटला एक व्हॅल्यू असते आणि एक रेटिंग असतं. व्हॅल्यू सांगते तो काय काम करणार. रेटिंग सांगतं तो कुठपर्यंत टिकणार. परीक्षेत व्हॅल्यू विचारतात, म्हणून आपण तेवढीच वाचतो. सर्किट मात्र दोन्ही तपासतं.

पॅसिव्ह म्हणजे नेमकं काय?

पॅसिव्ह याचा अर्थ आळशी किंवा बिनकामाचा असा नाही. ज्याला मिळालेल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर देता येत नाही, तो पॅसिव्ह. रेझिस्टर मिळालेली ऊर्जा उष्णतेत घालवतो. कपॅसिटर ती विद्युतक्षेत्रात साठवतो आणि परत देतो. इंडक्टर ती चुंबकीय क्षेत्रात साठवतो आणि परत देतो. ट्रान्झिस्टरसारखं छोट्या सिग्नलला मोठं करणं या तिघांनाही जमत नाही.

इथे व्हायवाला एक गुगली पडते. "ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, मग तो ॲक्टिव्ह का नाही?" निम्मा वर्ग गप्प होतो. उत्तर सोपं आहे. व्होल्टेज वाढलं तर त्याच प्रमाणात करंट कमी मिळतो. पॉवर वाढत नाही, उलट थोडी वाटेत गरम होऊन जाते. म्हणून तो पॅसिव्हच.

आता आपल्या खोलीकडे बघा. जुन्या हॉस्टेलच्या खोलीत हे तिघेही हजर असायचे. भिंतीवरचा ठोकळ्यासारखा रेग्युलेटर म्हणजे रेझिस्टर, पंख्याच्या वाटीत कपॅसिटर आणि ट्यूबच्या पट्टीत चोक, म्हणजे इंडक्टर. लायब्ररीत जायची गरजच नव्हती. एकेकाला भेटू या.

रेझिस्टर : अडवतो आणि तापतो

जर्मनीतल्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली आपला नियम पुस्तकरूपाने मांडला. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट. नियम एवढा साधा, की आपण त्याची किंमत ठेवत नाही.

रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे वाचायला सगळे 'बी बी रॉय' वालं इंग्रजी वाक्य पाठ करतात. मी मराठी माध्यमाचा असल्यामुळे माझा स्वतःचा मंत्र होता : का-त-ला-ना-पि, हि-नि-जां-रा-पां. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी, पांढरा. अनुक्रमे शून्य ते नऊ. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा किती शून्यं लावायची ते, आणि चौथा टॉलरन्स. सोनेरी म्हणजे ५ टक्के, रुपेरी म्हणजे १० टक्के. पिवळा-जांभळा-लाल-सोनेरी म्हणजे ४७ वर दोन शून्यं, ४७०० ओहम, ५ टक्के इकडे-तिकडे. म्हणजे मीटरवर ४४६५ पासून ४९३५ पर्यंत काहीही दिसलं तरी दुकानदाराने फसवलेलं नाही!

दुकानावरून आठवलं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन ५०० ओहमचा साधा रेझिस्टर मागून बघा. "पाचशे नाही, चारशे सत्तर घ्या," असं उत्तर येईल. १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ असे हे बारा ठरलेले आकडे. हे कुठून आले? प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.२ पट आहे. ४७ मध्ये १० टक्के मिळवले तर ५१.७ होतात, ५६ मधून १० टक्के वजा केले तर ५०.४ उरतात. म्हणजे दोघांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. १० टक्के टॉलरन्सच्या जमान्यात मधला ५० वेगळा विकण्यात काही अर्थच नव्हता. आकडे विचित्र दिसतात, पण हिशेब पक्का आहे.

आता रेटिंग. आपण वापरतो तो नेहमीचा रेझिस्टर पाव वॉटचा. एलईडीचं उदाहरण घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट, उरले ७. करंट १५ मिलिअँपिअर हवा. सात भागिले ०.०१५, म्हणजे ४६७, म्हणून ४७० ओहम. त्यात जळणारी पॉवर ७ गुणिले ०.०१५, म्हणजे सुमारे ०.१ वॉट. पाव वॉटवाला निवांत चालतो.

पण दरवर्षी कोणीतरी १२ व्होल्टवर 'डमी लोड' म्हणून पाव वॉटचा १०० ओहम लावतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. १४४ भागिले १००, म्हणजे १.४४ वॉट. मर्यादेच्या जवळजवळ सहापट! आधी रंग करपतो, मग धूर, मग "सर, ब्रेडबोर्ड वितळला". तिथे पांढऱ्या सिरॅमिकच्या ठोकळ्यातला ५ वॉटचा वायरवाउंड हवा. माझा नियम असा : हिशेबात जेवढे वॉट येतील त्याच्या किमान दुप्पट रेटिंगचा घ्यायचा.

अजून एक गोष्ट पुस्तकात सहसा सांगत नाहीत. रेझिस्टरला व्होल्टेजचंही रेटिंग असतं. पाव वॉटच्या साध्या कार्बन फिल्मला ते साधारण २५० व्होल्ट असतं. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टला जातं. म्हणून मेन्सला जोडलेल्या सर्किटमध्ये बऱ्याचदा दोन रेझिस्टर एकामागे एक लावलेले दिसतात. एकाने काम झालं असतं, असं समजून एक काढून टाकू नका.

आणि आता तो भिंतीवरचा जुना रेग्युलेटर. आत तारेची गुंडाळी आणि तिला जागोजागी काढलेले फाटे. पंखा एकवर ठेवला की सगळी तार सर्किटमध्ये येते आणि ठोकळा हाताला गरम लागतो. ती गरमी म्हणजे आपलं वीज बिल. नव्या स्टेप रेग्युलेटरमध्ये त्या जागी मुख्यतः कपॅसिटर असतात. ते अडवतात, पण जवळजवळ तापत नाहीत. कारण ते ऊर्जा खात नाहीत, घेऊन परत करतात.

कपॅसिटर : साठवतो, आणि विसरत नाही

हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पंप सकाळी तासभर चालतो, पण नळाला पाणी दिवसभर. डायोडच्या पुढे लावलेला मोठा कपॅसिटर हेच करतो. डायोडकडून करंट झटक्याझटक्याने येतो, सर्किटला तो सलग मिळतो.

रचना अगदी साधी. दोन धातूचे पत्रे आणि मध्ये न वाहणारा पदार्थ. १७४५-४६ च्या सुमारास पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन गावात म्युशेनब्रुक यांना हा प्रकार काचेच्या बरणीच्या रूपात सापडला. म्युशेनब्रुकच्या मंडळींना असा जबर झटका बसला, की हा प्रयोग तुम्ही करू नका असं त्यांनी पत्रातच लिहून टाकलं. कपॅसिटरची पहिली ओळख शॉकनेच झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जाती बऱ्याच. तपकिरी टिकलीसारखा सिरॅमिक, त्यावर १०४ लिहिलेलं असतं. म्हणजे १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. एक लाख पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनजवळ हा लावायचा असतो. आपण तो 'नंतर लावू' म्हणतो आणि मग सर्किट आपोआप रिसेट का होतंय म्हणून रात्रभर प्रोग्राम तपासत बसतो.

दुसरी जात इलेक्ट्रोलायटिक. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर रसायनाने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. तो थर इतका पातळ, म्हणूनच एवढ्याशा डबीत हजारो मायक्रोफॅरड मावतात. पण तो एकाच दिशेने व्होल्टेज सोसतो. उलटं जोडलं की थर मोडतो, करंट वाहतो, आतलं द्रव तापतं, गॅस होतो आणि डबी फुगते किंवा फुटते. म्हणून डबीवर मायनसची पट्टी असते. आणि सावधान! बोर्डावर चिकटणाऱ्या चपट्या टँटलम कपॅसिटरवरची पट्टी प्लसची असते. दोन्हींवर पट्टीच, अर्थ उलटा.

माझं काय चुकलं ते आता सांगतो. पहिली चूक, इलेक्ट्रोलायटिक एसीवर लावला. सेकंदाला पन्नास वेळा तो उलटा जोडला जात होता. दुसरी चूक, ६३ व्होल्टचा माल ३२५ व्होल्टच्या शिखरापुढे उभा केला. तिसरी गोष्ट मला नंतर कळली. मोठ्या डब्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, दाब वाढला की तिथून फाटावं म्हणून. अगदी लहान डब्यांना ती नसते. मग डबी बुडाच्या रबरातून सुटते आणि गोळीसारखी उडते. माझी डबी तशीच सुटली.

पंख्याला कपॅसिटर मुळात लागतोच कशाला? सिंगल फेजच्या एकाच वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी पुढे-मागे होतं. म्हणून दुसरं वाइंडिंग देतात आणि कपॅसिटर त्यातला करंट थोडा पुढे काढतो. दोघं मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं. वाइंडिंगशी जोडी जमल्यावर कपॅसिटरवरचं व्होल्टेज २३० च्याही वर जातं, म्हणून त्यावर ४४० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. हा कपॅसिटर धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिक फिल्मचा असतो. फिल्मला कुठे भोक पडलं तर तिथला मुलामा उडून जातो आणि जखम आपोआप भरते. फक्त प्रत्येक जखमेबरोबर व्हॅल्यू थोडी कमी होते. वर्षानुवर्षं जखमा भरत गेल्या, की एक दिवस पंख्याची पाती मोजता येऊ लागतात. आमचा पंखा मरत नव्हता, म्हातारा होत होता! (नव्या बीएलडीसी पंख्यात मात्र हा कपॅसिटर नसतो. तिथे हे निदान लावू नका.)

मिनी प्रोजेक्टवाल्यांसाठी एक हिशेब. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पुढे ब्रिज आणि कपॅसिटर. "बारा व्होल्ट आहे, १६ व्होल्टचा कपॅसिटर चालेल," असं सगळे म्हणतात. पण १२ हे आरएमएस आहे. शिखर १२ गुणिले १.४१४, म्हणजे जवळजवळ १७. डायोडमध्ये दीड व्होल्ट गेला तरी लोड नसताना ट्रान्सफॉर्मर १२ पेक्षा जास्त देतो आणि कॉलेजचा मेन्स रात्री चढतो. तेव्हा २५ व्होल्टचाच घ्या. फरक एक-दोन रुपयांचा असतो.

इलेक्ट्रोलायटिकला आयुष्यही असतं. डबीवर ८५ किंवा १०५ अंश लिहिलेलं असतं आणि डेटाशीटमध्ये त्या तापमानाला किती तास ते दिलेलं असतं. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांना २००० तासवाला ४५ अंशांवर साधारण ३२,००० तास जगतो. हीटसिंकला चिकटवून बसवला तर लवकर जातो. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरातल्या मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर फुगून फुटत होते. तेव्हा कितीतरी कॉम्प्युटर 'विंडोज खराब झालं' म्हणून फॉरमॅट झाले असतील. रोग वेगळाच होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कपॅसिटर विसरत नाही. प्लग काढला म्हणजे सर्किट मेलं असं नसतं. जुन्या पद्धतीच्या पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकामागे एक असतात आणि त्यांच्यावर मिळून सुमारे ३२५ व्होल्ट. हिशेब केला तर साठलेली ऊर्जा १२ ज्यूलच्या वर जाते. हात छातीपर्यंत झटकायला आणि जिवावर बेतायला ती पुरेशी आहे. ती जिरवायला दोन्हींना समांतर रेझिस्टर दिलेले असतात. समजा ते १५० किलोओहमचे आहेत. टाइम कॉन्स्टंट ७० सेकंद. व्होल्टेज ५० च्या खाली यायला दोन मिनिटांच्या वर वेळ लागतो. आणि तो रेझिस्टरच तुटलेला असेल तर? म्हणून असा डबा एकट्याने उघडायचाच नाही. लॅबमध्ये आम्ही इन्सुलेशन केलेल्या वायरींनी दोन-अडीच किलोओहमचा १० वॉटचा वायरवाउंड जोडून तो रिकामा करतो, मग मीटरने बघतो, मगच हात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी दाखवणारे वीर मी बघितलेत. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकंही बघितलीत.

इंडक्टर : भरलेली एसटी

आतली तार आणि तिचे वेढे, एवढाच हा प्राणी. १८३१ साली फॅरडेने दाखवून दिलं, की चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत व्होल्टेज तयार होतं. इंडक्टरमध्ये स्वतःचाच करंट बदलला तरी तेच होतं, आणि ते व्होल्टेज त्या बदलाला विरोध करतं. खचाखच भरलेली एसटी आठवा. निघायला वेळ लागतो, आणि एकदा वेगात आली की एकदम थांबवता येत नाही. थांबवायचा प्रयत्न केलाच तर आतले सगळे पुढे आदळतात!

जुन्या ट्यूबलाइटचा चोक या आदळण्याचाच उपयोग करतो. आधी स्टार्टर बंद सर्किट करतो, ट्यूबच्या टोकांच्या फिलामेंट तापतात. मग स्टार्टर उघडतो, करंट अचानक तुटतो आणि चोक शेकडो व्होल्टचा धक्का देतो. ट्यूब पेटते. त्यानंतर चोकचं काम संपत नाही. पेटलेल्या ट्यूबला मोकळं सोडलं तर ती करंट वाढवतच नेईल, म्हणून तो आवरायचा. ४० वॉटच्या ट्यूबवर साधारण १०० व्होल्ट आणि करंट ०.४३ अँपिअर. उरलेलं व्होल्टेज रेझिस्टरवर टाकलं असतं तर तिथे ५५ वॉटच्या आसपास नुसते जळाले असते, ट्यूबपेक्षा जास्त! चोकमध्ये तारेच्या आणि लोखंडाच्या तापण्यात जातात त्याच्या पाव-पंचमांश. मोबदल्यात पॉवर फॅक्टर निम्म्यावर येतो, आणि तो सावरायला पट्टीत पुन्हा एक कपॅसिटर लावतात. बघा, तिघांचं एकमेकांवाचून चालत नाही. आता एलईडीच्या नळ्या आल्या. पण स्टोअररूममध्ये जुनी चोकवाली पट्टी सापडली तर फेकण्याआधी लॅबमध्ये आणून द्या.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये इंडक्टर लपून येतो तो रिलेच्या रूपात. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ४०० ओहमची धरली तर करंट फक्त ३० मिलिअँपिअर. बीसी ५४७ तो आरामात चालवतो. पण ट्रान्झिस्टर बंद झाला की एसटी आदळते. कॉइल जे व्होल्टेज काढते ते बीसी ५४७ च्या ४५ व्होल्टच्या मर्यादेबाहेर सहज जातं. उपाय रुपया-दोन रुपयांचा. कॉइलला समांतर, सप्लायच्या उलट्या दिशेने वन-एन ४००७ डायोड. करंटला गोल फिरून शांत व्हायला वाट मिळते. डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर कधी पहिल्याच क्लिकला जातो, कधी पन्नासाव्या. आणि पन्नासावा नेमका एक्स्टर्नलसमोर येतो!

इंडक्टरचं रेटिंग असतं अँपिअरमध्ये. त्याच्या पलीकडे करंट गेला की कोअर सॅच्युरेट होतो, इंडक्टन्स एकदम घसरतो आणि अडवणारा कोणी उरत नाही. मग समोरचा मॉसफेट जातो. पोरं मॉसफेट बदलत राहतात. दोन, तीन, चार... दोष त्या शेजारच्या वेटोळ्याचा असतो.

जाता जाता

दुकानात किंवा डब्यात हात घालण्याआधी पाच प्रश्न विचारा. व्हॅल्यू किती? टॉलरन्स किती? वॉट, व्होल्ट किंवा अँपिअरची मर्यादा किती? एसी की डीसी, आणि प्लस-मायनस कुठे? तापमान किती सोसेल? पाचही उत्तरं बहुतेक वेळा त्या वस्तूवर किंवा डेटाशीटच्या पहिल्या दोन पानांत मिळतात. एखादं मिळालं नाही, तर तो कंपोनंट लावायचा नाही.

हॉस्टेलच्या मुलांना एक विनंती. पंखा, बटण, बोर्ड यांना हात लावू नका. तक्रार वहीत लिहा, आणि कोणी आलं नाही तर रोज लिहा, रेक्टरांच्या समोर उभे राहा. आणि स्टाफमधल्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. त्या वहीतली 'पंखा हळू फिरतो' ही ओळ किरकोळ वाटते. पण मे महिन्यात ती ओळ पंधरा दिवस तशीच पडून राहिली, की कोणीतरी टेबलावर चढतो. दुसरा कोणीतरी बटणाशी उभा राहतो, आणि त्याला वाटत असतं की आपल्याला सगळं येतं.

माझ्या पार्टनरने ती तडकलेली काच मला निकालाच्या दिवशी दिली. म्हणाला, "ठेव, तुझ्या कामाची आहे." ती माझ्या लॅबच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, २.५ मायक्रोफॅरडच्या जुन्या कपॅसिटरशेजारी. ज्याला बघायची असेल त्याने जरूर यावं. फक्त आल्यावर मी आधी तो कपॅसिटर हातात देईन आणि म्हणेन, "वाच."

सगळं वाचा, एवढंच. तूर्तास थांबतो. प्रॅक्टिकलला भेटूच!